निजामाचा साळसूद प्रश्न

१७२७ साली निजाम-उल्-मुल्काने चौथाईचा वसूल अडवला आणि कारण म्हणून एक प्रश्न पुढे केला. पैसे द्यायला आपली ना नाही, पण ते द्यायचे कुणाला? साताऱ्यात शाहू महाराज छत्रपती म्हणवतात, पन्हाळ्यावर संभाजीराजेही छत्रपतीच म्हणवतात. तेव्हा खरा धनी कोण ते आधी ठरू द्या. तोवर रक्कम आपल्यापाशी अनामत राहील; आणि घरातल्या घरात ठरत नसेल, तर बादशहाचा सुभेदार या नात्याने निवाडा करायला आपण आहोतच.

वरवर पाहता यात खोट काढायला जागा नव्हती. पण उत्तर आठ वर्षांपूर्वीच दिल्लीदरबारच्या शिक्क्यानिशी कागदावर आलं होतं. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ पेशवे दिल्लीहून परतले ते स्वराज्य, चौथाई आणि सरदेशमुखी यांच्या सनदा घेऊनच. खानदेश, वऱ्हाड, औरंगाबाद, बीदर, विजापूर आणि हैदराबाद या सहा सुभ्यांच्या उत्पन्नाचा चौथा हिस्सा, वर शेकडा दहा सरदेशमुखी. सगळं शाहू महाराजांच्या नावे. औरंगजेबाच्या हाताखाली तयार झालेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या निजामाला हे ठाऊक नव्हतं असं मानणं म्हणजे त्याच्या बुद्धीचा अपमान करणं होय.

कोल्हापूरच्या वाचकासाठी एक खुलासा. शाहू म्हटलं की इथल्या माणसाला राजर्षीच आठवतात. ही हकीकत त्यांच्या जन्माच्या जवळजवळ दीडशे वर्षं आधीची, साताऱ्याच्या शाहूंची आहे. संभाजी महाराज आणि येसूबाई यांचे हे पुत्र १६८९ पासून अठरा वर्षं मोगलांच्या कैदेत होते. औरंगजेब वारल्यावर १७०७ मध्ये त्याच्या मुलाने, आझमशहाने, त्यांना सोडलं. पण दयेपोटी नव्हे. पुतण्या महाराष्ट्रात पोचला की राज्याचा कारभार पाहणाऱ्या ताराबाईंशी त्याची जुंपणार, हा साधा हिशेब त्यामागे होता आणि तो अचूक ठरला. ऑक्टोबर १७०७ मध्ये खेडला लढाई झाली, जानेवारी १७०८ मध्ये शाहूंनी साताऱ्याला राज्याभिषेक करवून घेतला. ताराबाईंनी १७१० मध्ये आपल्या मुलाची गादी पन्हाळ्यावर मांडली. चार वर्षांनी पन्हाळ्यातच पालट झाला. राजाराम महाराजांच्या दुसऱ्या राणी राजसबाई यांचे पुत्र संभाजी गादीवर आले आणि ताराबाई मुलासह नजरकैदेत गेल्या. करवीरच्या इतिहासात ज्यांना संभाजीराजे म्हणतात ते हे. राजधानी पन्हाळ्यावरच होती. गादी खाली कोल्हापूर शहरात आली ती त्या शतकाच्या अखेरीस.

तर निजामाचा डाव नवा नव्हता. आझमशहाची दुफळी आयतीच पडून होती, ती त्याने पुन्हा पेटवली. राजकारणात असे काही प्रश्न असतात की त्यांना बरोबर उत्तर दिलं तरी देणाऱ्याचं नुकसानच होतं. शाहूंनी आपल्या हक्काचे कागद निजामापुढे मांडले असते, तर निवाड्याचा अधिकार निजामाला आहे हे आपसूक मान्य झालं असतं. आणि एकदा पंच मानला की निकाल आज आपल्या बाजूने लागला काय किंवा उद्या विरुद्ध लागला काय, किल्ली त्याच्याकडेच.

सातारा या सापळ्यात पडता पडता वाचला. पेशवे बाजीराव कर्नाटकच्या स्वारीत अडकले होते. दरबारात प्रतिनिधी श्रीपतराव आणि सुमंत यांचं मत निजामाशी समजुतीने घ्यावं असं होतं, आणि शाहू महाराजांचा कलही त्या बाजूला झुकला होता. पेशवे परतले, त्यांनी निवाड्याची कल्पनाच उधळून लावली, तेव्हा कुठे दरबाराला पाणी किती खोल आहे ते उमजलं. गाफीलपणाचा दोष एकट्या पन्हाळ्याच्या माथी मारणं म्हणूनच बरोबर नाही.

पण पाऊल उचललं ते पन्हाळ्याने. संभाजीराजे निजामाच्या छावणीत जाऊन मिळाले.

त्यांच्या बाजूनेही पाहायला हवं. १६९८ चा जन्म, म्हणजे वय तिशीच्या आत. वडील छत्रपती होते, त्यामुळे गादीवरचा दावा काही पोकळ नव्हता. दिल्लीच्या सनदांत त्यांच्या वाट्याला काहीच आलं नव्हतं. सहा सुभ्यांचा पैसा साताऱ्याकडे वाहायचा आणि करवीरच्या खजिन्यात खडखडाट. साताऱ्यावर रुसून आधीच निजामाकडे गेलेले चंद्रसेन जाधवांसारखे मातब्बर मराठे सरदार तिथे होतेच. अशा माणसाला दख्खनचा सर्वांत ताकदवान सुभेदार सांगतो की खरे छत्रपती तुम्हीच, तेव्हा त्यावर विश्वास ठेवावासा वाटला तर त्यात नवल नाही.

नवल वेगळ्याच गोष्टीचं आहे. राज्यकारभारावरचा मराठीतला सर्वांत प्रसिद्ध ग्रंथ, रामचंद्रपंत अमात्यांचं ‘आज्ञापत्र’, १७१५ च्या सुमारास याच संभाजीराजांच्या नावे निघालेला आहे. प्रधान, वतनदार, दुर्ग, आरमार अशा प्रकरणांबरोबर परक्या व्यापाऱ्यांपासून, टोपीकरांपासून, किती जपून राहावं याचा त्यात स्वतंत्र ऊहापोह आहे. मालाची पेटी घेऊन आलेल्या परक्याचा डोळा अखेर जमिनीवर असतो, हे अमात्यांनी तेव्हाच हेरलं होतं. ज्या दरबारातून हा सल्ला लिहून निघाला, त्याच दरबाराने बारा वर्षांत एका परक्याला आपल्या घराण्याच्या वादात आत घेतलं. टोपी नव्हती, एवढाच फरक.

संभाजीराजांनी एक गोष्ट तपासली नाही: निजामाला नेमकं काय हवं आहे? सगळ्या मराठ्यांचा एकच छत्रपती, मग तो पन्हाळ्याचा का असेना, निजामाला परवडणाराच नव्हता. असा छत्रपती उद्या सहा सुभ्यांची चौथाई मागायला त्याच्याच दारात उभा राहिला असता. निजामाचा फायदा दोन गाद्या टिकण्यात आणि दोघींनी त्याच्या तोंडाकडे पाहण्यात होता. म्हणजे संभाजीराजांना जे हवं होतं ते त्यांच्या मित्रालाच नको होतं. करार करताना समोरच्याचा शब्द सगळेच ऐकतात. त्याची गरज काय आहे हे फार थोडे विचारतात.

पुढचा घटनाक्रम वेगाने घडला. १७२७ च्या पावसाळ्याअखेर बाजीराव बाहेर पडले आणि निजामाच्या मुलखातून जालना, खानदेश, गुजरात असे फिरत राहिले. निजामाने पाठलाग सोडून पुण्यावर चाल केली आणि तिथे संभाजीराजांना छत्रपती म्हणून जाहीर केलं. शाहू महाराजांना पुरंदरच्या आश्रयाला जावं लागलं. थोरल्या महाराजांच्या, शिवछत्रपतींच्या, बालपणाचं पुणं. तिथे त्यांच्या एका नातवाने मोगली सुभेदाराच्या फौजेच्या बळावर दुसऱ्या नातवाविरुद्ध द्वाही फिरवावी, हे दृश्य साताऱ्याच्या मनातून नंतर कधीच पुसलं गेलं नाही. लढाईचा निकाल काहीही लागला असता तरी हे नुकसान भरून निघणारं नव्हतं.

निकाल मात्र लगेच लागला. बाजीराव औरंगाबादच्या रोखाने वळल्याची खबर येताच निजामाला पुणं सोडून धावावं लागलं. जड तोफा मागे राहिल्या, आणि फेब्रुवारी १७२८ च्या अखेरीस वैजापूरजवळ पालखेडला मराठ्यांच्या घोडदळाने त्याला पाण्यावाचून कोंडलं. मार्चमध्ये मुंगी-शेवगावचा तह झाला. चौथाई-सरदेशमुखीचा हक्क शाहूंचाच हे निजामाने कबूल केलं, हाकलून दिलेले वसुलीचे अंमलदार परत घेतले. काही महिन्यांपूर्वी ‘धनी कोण’ असं विचारणाऱ्याला उत्तर एकाएकी सापडलं!

संभाजीराजांना आमच्या हवाली करा, अशी बाजीरावांची मागणी होती. ती निजामाने मानली नाही; त्यांना पन्हाळ्याला पोचतं करण्याची हमी तेवढी दिली. आश्रिताला शत्रूच्या हाती न देण्याचा बाणा त्यात होता हे खरं. पण पन्हाळ्यावर एक नाराज छत्रपती शिल्लक राहणं त्याच्या सोयीचंही होतंच की.

परक्या पाठीराख्याच्या भरवशावर राहिलेल्यांच्या वाट्याला हे सगळीकडेच येतं. १८९५ च्या डिसेंबरात जेमसन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सवालच्या बोअर प्रजासत्ताकावर खासगी छापा घातला आणि तो फसला. ३ जानेवारी १८९६ रोजी जर्मनीच्या कैसर दुसऱ्या विल्हेल्मने बोअरांचे अध्यक्ष क्रूगर यांना अभिनंदनाची तार केली. मित्रराष्ट्रांची मदत न मागता तुम्ही शत्रूला परतवलंत, असा तिचा आशय. म्हणजे मागितली असती तर मिळाली असती, असं इंग्लंडने वाचलं. प्रत्यक्षात त्या भागात उतरवायला जर्मनीकडे ना पुरेसं आरमार होतं ना इच्छा. एका तारेने लंडन खवळलं, बोअरांना मात्र कवडीचा उपयोग झाला नाही. पुढे इंग्रजांशी झालेल्या युद्धात हरत आलेले क्रूगर १९०० मध्ये युरोपात मदत मागायला गेले, तेव्हा याच कैसरने त्यांना भेटसुद्धा नाकारली.

या कैसराची एक चूक तर आणखी बोलकी आहे. ऑक्टोबर १९०८ मध्ये लंडनच्या ‘डेली टेलिग्राफ’ने त्याची मुलाखत छापली. हेतू इंग्लंडशी सख्य वाढवण्याचा होता. त्यात त्याने सांगितलं, की जर्मन जनतेचा मोठा भाग इंग्रजांवर नाराज आहे, मीच काय तो त्यांचा मित्र. बोअर युद्धात फ्रान्स आणि रशिया इंग्लंडला वाकवायला निघाले होते, मी नकार दिला. उलट युद्ध कसं लढावं याची योजनाही मी आजीला, व्हिक्टोरिया राणीला, पाठवली होती. एकाच मजकुराने इंग्रज, फ्रेंच, रशियन आणि स्वतःची जर्मन प्रजा असे सगळे दुखावण्याचा हा विक्रमच म्हणायचा. मजकूर छापण्याआधी चान्सलर ब्यूलोकडे गेला होता. त्याने तो नीट वाचलाच नाही. बेफिकिरी राजाची असतेच, पण तिला वाट मोकळी करून देणारी दरबारी माणसंही असतात.

पन्हाळ्याच्या दरबारातही हेच झालेलं दिसतं. पालखेडनंतर गप्प बसणं शहाणपणाचं होतं. त्याऐवजी वारणेच्या खोऱ्यात उदाजी चव्हाणांना हाताशी धरून साताऱ्याच्या मुलखात धामधूम सुरू राहिली. हे उदाजी शूर खरे, पण बत्तीस शिराळ्याच्या बाजूला ठाणं करून दोन्ही राज्यांच्या सीमेवर स्वतःचा हिशेब चालवणारे. शाहू महाराज शिकारीला आले असताना त्यांच्यावर उदाजींनी मारेकरी घातल्याची हकीकत सांगितली जाते. साताऱ्याची सहनशक्ती तिथे संपली. बंडखोर सरदार वापरणाऱ्या राजाची अडचण ही, की सरदार जे करील त्याचं पाप राजाच्या नावावर जमा होतं. आणि सरदाराला थांबवायला जावं, तर तो राजाचं ऐकतोच असंही नाही.

१७३० मध्ये प्रतिनिधींनी वारणाकाठच्या छावणीवर अचानक घाला घातला. संभाजीराजे निसटून पन्हाळ्यावर पोचले. छावणी लुटली गेली, आणि ताराबाईंसह राजघराण्यातल्या स्त्रिया सातारकरांच्या हाती लागल्या.

शाहूंचं खरं राजकारण इथून पुढे दिसतं. कैदेत आलेल्या स्त्रियांना ओलीस ठेवून पन्हाळ्याचे किल्ले मागता आले असते. त्यांनी सगळ्यांना सन्मानाने परत पाठवलं. ताराबाई तेवढ्या परत गेल्या नाहीत. पन्हाळ्याची नजरकैद त्यांनी सोळा वर्षं भोगली होती, म्हणून त्यांनी साताऱ्यालाच राहणं पत्करलं. अठरा वर्षं स्वतः दुसऱ्याच्या कैदेत काढलेल्या माणसाला ओलिसाचं मोल आणि त्या मोलाचा फोलपणा दोन्ही कळत असावेत. या एका वागणुकीने संभाजीराजांना मान खाली न घालता परतायची वाट मिळाली. बोलणी सुरू झाली.

२७ फेब्रुवारी १७३१ रोजी कऱ्हाडजवळ, आगाशिवाच्या डोंगराच्या कुशीतल्या जखिणवाडीला दोन्ही छत्रपतींची भेट झाली. मानपानाचा प्रश्न नाजूक होता: दोघेही राजे, कुणी कुणाकडे जायचं? तोडगा असा निघाला, की दोघांनी हत्तीवरून समोरासमोर यायचं. एकमेक दिसताच दोघे हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले, जवळ आल्यावर घोड्यावरूनही उतरले. मग संभाजीराजांनी थोरल्या भावाच्या पायावर डोकं ठेवलं आणि शाहूंनी उठवून मिठी मारली. राजा म्हणून बरोबरी राखली गेली आणि नमस्कार झाला तो वडीलकीला. ही बारीक कारागिरी ज्याने कुणी जुळवली, त्याला मानलं पाहिजे. तीन वर्षांपूर्वी पुण्यात द्वाही फिरवताना यातला एक शतांश विचार झाला असता तर पुढचं बरंच टळलं असतं.

नंतर एप्रिलमध्ये वारणेचा तह झाला. त्यात नऊ कलमं आहेत आणि ती वाचताना गेल्या चार वर्षांतलं एकेक भांडण समोर येतं. वारणा आणि कृष्णा यांच्या संगमापासून दक्षिणेचा, तुंगभद्रेपर्यंतचा मुलूख करवीरचा. पुण्याहून येणारी गाडी आज वारणेचा पूल ओलांडून किणीच्या टोलनाक्याकडे निघते, तिथे सांगली जिल्हा संपून कोल्हापूर लागतो. ही हद्द मुळात या तहाची. सीमेवरचं वडगावचं ठाणं पाडून टाकायचं ठरलं, कारण दोन्ही बाजूंना टोचणारी जागा नुसती वाटून भागत नाही. कोपळ आणि रत्नागिरीची अदलाबदल झाली, मिरज आणि विजापूर प्रांतांतली ठाणी साताऱ्याकडे गेली, साळशीपासून अंकोल्यापर्यंतचं कोकण करवीरकडे राहिलं. तुंगभद्रेपलीकडे रामेश्वरापर्यंत जे जिंकलं जाईल ते निम्मं निम्मं.

पण मुलखाच्या वाटणीपेक्षा दोन लहान कलमं जास्त बोलतात. एकाचा शत्रू तो दुसऱ्याचाही शत्रू. आणि एकाच्या चाकरीतल्या माणसाला दुसऱ्याने आपल्याकडे ठेवायचं नाही. पहिल्याने निजामाचं दार बंद झालं, दुसऱ्याने उदाजी चव्हाणांसारख्यांचं. जहागिरीवरून बिनसलं की नदी ओलांडून दुसऱ्या छत्रपतीकडे जायचं, ही सरदारांची सोय दोन्ही राज्यांना आतून पोखरत होती.

तहाची वेळही पाहण्यासारखी आहे. १७३१ च्या वसंतात निजाम स्वस्थ बसला नव्हता. मार्चमध्ये नर्मदेकाठी माळव्याचा सुभेदार महंमदखान बंगश याच्याशी त्याच्या भेटीगाठी चालल्या होत्या, आणि या वेळी त्याच्या गळाला लागले होते साताऱ्याचेच सेनापती त्र्यंबकराव दाभाडे. १ एप्रिलला गुजरातेत डभईला बाजीरावांनी दाभाड्यांना गाठलं आणि त्या लढाईत ते पडले. दोन आठवड्यांच्या आत वारणेचा तह झाला. त्याच सुमारास संभाजीराजे पुन्हा निजामाच्या छावणीत असते, तर बाजीरावांना एका वेळी गुजरात आणि वारणा अशा दोन्हीकडे लढावं लागलं असतं. जखिणवाडीची भेट घडवून शाहूंनी निजामाच्या हातातला एक मोहरा लढाईआधीच काढून घेतला होता.

तह टिकला. करवीर आणि सातारा यांच्यात पुढे मोठं युद्ध झालं नाही, संभाजीराजे साताऱ्याला येत-जात राहिले. मात्र मनातली अढी गेली नाही. शाहूंना पुत्र नव्हता, आणि त्यांच्यामागे दोन्ही गाद्या एक करण्याची संधी १७४९ मध्ये समोर उभी होती. जवळचा रक्ताचा वारस म्हणजे संभाजीराजेच. पेशव्यांशी त्यांची त्या दिशेने आधी गुप्त बोलणीही झाली होती. तरी मृत्यूपूर्वी शाहूंनी लिहिलेल्या याद्यांत स्पष्ट बजावलं, की कोल्हापूरचा वारस करू नये. संभाजीराजांनाही मूल नव्हतं, हे एक व्यवहारी कारण त्यामागे असू शकतं. पण पुण्यातली ती द्वाही शाहू विसरले होते, असं म्हणवत नाही.

निवाड्याचा प्रश्न करवीरच्या नशिबात आणखी एकदा आला. पटवर्धनांशी, निपाणकरांशी, पेशव्यांशी भांडणं चालतच राहिली. १७९९ मध्ये पट्टणकोडोलीच्या लढाईत परशुरामभाऊ पटवर्धन मारले गेले आणि वैर वाढलं. अखेर १८१२ मध्ये कोल्हापूरने इंग्रजांशी तह केला. मालवणचं बंदर दिलं, चिकोडी आणि मनोळीवरचा हक्क सोडला आणि मुख्य म्हणजे इतर राज्यांशी होणारे तंटे इंग्रजांच्या निवाड्यावर सोपवायचं कबूल केलं. निजामाने १७२७ मध्ये शाहूंपुढे ठेवलेली अट ती हीच. इंग्रज-पेशवे युद्धात इंग्रजांची बाजू घेतल्याबद्दल चिकोडी-मनोळी परत मिळाली, पण १८२१ मध्ये गादीवर आलेल्या बावासाहेब महाराजांनी शेजाऱ्यांवर स्वाऱ्या काढून इंग्रजांना तीनदा फौज आणायला लावली, आणि १८२७ मध्ये हे दोन्ही मुलूख पुन्हा गेले ते कायमचे. ते बेळगाव जिल्ह्यात सामील झाले आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत त्या जिल्ह्याबरोबर म्हैसूर राज्यात गेले. कोल्हापूर संस्थान तोवर मुंबई राज्यात विलीन होऊन सात वर्षं झाली होती.